उत्तर समुद्रांतील तीन नकाशे

समुद्रावरील संकट म्हटलें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें वादळ उभें राहतें. आणि समुद्र ध्रुवाजवळचा असला तर त्या चित्रांत वादळाची जागा बर्फ घेतें. पर्वतप्राय हिमखंड, त्यांच्यामध्यें अडकलेलें जहाज, पिचणार्‍या फळ्यांचा कडकडाट, हें सारें ध्रुवप्रदेशांतील प्रवासवर्णनें वाचणार्‍यांस परिचित आहे. बर्फ हा त्या समुद्रांतील मोठा शत्रु आहे यांत शंका नाहीं. परंतु तो निदान दिसतो तरी. त्याच पाण्यांत न दिसणारा असा दुसरा एक शत्रु दबा धरून बसलेला असतो, आणि तो म्हणजे अज्ञात सागरतळ. ध्रुवसमुद्राच्या इतिहासांत बर्फाच्या दाबानें जशीं जहाजें गेलीं, तशींच पाण्याखालील खडकावर चढून बसलेलीं जहाजेंहि पुष्कळ आहेत. आणि विशेष हें कीं, बर्फ फोडणारीं यंत्रें निघालीं, आकाशांतून मार्ग दाखविणारे उपग्रह फिरूं लागले, तरी हा दुसर्‍या प्रकारचा अपघात बंद पडलेला नाहीं.

उत्तर अमेरिकेच्या माथ्यावर, कॅनडाच्या असंख्य बेटांमधून, अटलांटिक महासागराला पॅसिफिक महासागराशीं जोडणारा जो जलमार्ग आहे, त्याला वायव्य मार्ग असें म्हणतात. त्याचा शोध सोळाव्या शतकापासून चालला होता आणि त्याच्या मुळाशीं पूर्वेकडील व्यापार होता. हिंदुस्थान व चीन यांजकडे जाणारे दक्षिणेकडील मार्ग पोर्तुगीज व स्पॅनिश लोकांनीं आधींच व्यापिले होते. तेव्हां उत्तरेकडून एखादी वाट सांपडली तर पूर्वेची संपत्ति आपल्या दारीं येईल, अशी इंग्रज व्यापार्‍यांची आशा होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं व्यापाराच्या दृष्टीनें ही आशा फोल आहे हें उघड झालें होतें. परंतु तोंवर वायव्य मार्ग हा राष्ट्राच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होऊन बसला होता.

या मार्गांतील समुद्राचा तळ इतका अज्ञात कां राहिला, याचें कारण बर्‍याच अंशीं बर्फांतच आहे. खोली मोजण्याचें जुनें साधन अगदीं साधें होतें. वांवांच्या खुणा केलेली दोरी, तिच्या टोंकाला शिशाचें वजन, आणि ती पाण्यांत सोडणारा एक खलाशी, एवढीच त्याची सामग्री. वजन तळाला टेंकलें कीं दोरीवरची खूण वाचावयाची आणि तो आंकडा नकाशावर मांडावयाचा. ज्या बंदरांत शेंकडों जहाजें पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करतात, तेथें असे आंकडे दाट पडतात. परंतु या सामुद्रधुन्या वर्षाचे बहुतेक महिने गोठलेल्या असतात. उन्हाळ्यांतील थोड्या आठवड्यांत जें जहाज तेथें पोंचेल, तें आपल्या वाटेवर आंकड्यांची एक बारीक ओळ मांडून जाई. त्या ओळीच्या दोन्ही बाजूंना नकाशा कोराच राही. शिवाय तो तळ सपाट वाळूचा नाहीं. हिमयुगांतील हिमनद्यांनीं खरवडलेला तो खडकाळ व उंचसखल प्रदेश आहे. दोन आंकड्यांच्या मध्यें एखादें टोंक वर आलेलें असलें, तर शिशाच्या गोळ्याला त्याची वार्ताहि लागत नाहीं. हिमयुगांतील बर्फाचा भार उतरल्यामुळें त्या प्रदेशांतील कांहीं भाग अद्यापि हळूहळू वर उचलला जात आहे. म्हणजे जुन्या नकाशावर लिहिलेली खोली कांहीं ठिकाणीं आज तितकीहि उरलेली नसते.

त्यांत होकायंत्राची अडचण. पृथ्वीचा उत्तर चुंबकीय ध्रुव जेम्स क्लार्क रॉस यानें १८३१ मध्यें याच भागांत, बूथिया द्वीपकल्पावर, शोधून काढला. आज तो तेथून शेंकडों मैल दूर सरकलेला आहे. परंतु त्या काळीं वायव्य मार्गानें जाणार्‍या नाविकाला त्याच्या अगदीं जवळून जावें लागे. आणि चुंबकीय ध्रुवाजवळ सुईला दिशेची ओढच उरत नाहीं. ती आळसावल्यासारखी कोठेंहि थांबते. धुकें पडलें, सूर्य व तारे झांकले गेले, म्हणजे नाविकाला स्वतःची दिशाहि ठाऊक नसे आणि पायांखालचा तळहि ठाऊक नसे.

अशा समुद्रांत जहाजाचें दैव नकाशाशीं बांधलेलें असतें. वायव्य मार्गावरील तीन जहाजयात्रा या दृष्टीनें एकत्र पाहण्यासारख्या आहेत. पहिलींत नकाशा चुकीचा होता. दुसरींत तो कोरा होता. तिसरींत आवश्यक तें ज्ञान मिळविलेलें होतें, परंतु तें जहाजापर्यंत पोंचलें नव्हतें.

पहिली यात्रा सर जॉन फ्रँकलिनची. १८४५ च्या मे महिन्यांत 'एरेबस' व 'टेरर' हीं दोन जहाजें इंग्लंडहून निघालीं. फ्रँकलिनचें वय त्या वेळीं ५९ वर्षांचें होतें. दोन्ही जहाजें दक्षिण ध्रुवाकडील मोहिमेंतून सुखरूप परत आलेलीं व चांगलीं कसलेलीं होतीं. त्यांच्या नाळेवर लोखंडी पत्रे जडविले होते, आगगाडीचीं इंजिनें काढून तीं त्यांच्या पोटांत बसविलीं होतीं, आणि तीन वर्षें पुरेल इतकें अन्न भरलें होतें. ग्रीनलंडहून पांच माणसें परत पाठविल्यावर १२९ माणसें पुढें गेलीं. पहिला हिंवाळा त्यांनीं बीची बेटावर काढला. तेथें तिघांचीं थडगीं आजहि आहेत. नंतर जहाजें दक्षिणेस वळलीं आणि किंग विल्यम बेटाच्या उत्तरेस येऊन पोंचलीं.

येथें नकाशाचा प्रश्न आला. किंग विल्यमची भूमि हें बेट आहे, ही गोष्ट त्या वेळीं कोणाहि युरोपीय नाविकास ठाऊक नव्हती. १८३० मध्यें जॉन रॉसच्या मोहिमेंतील लोकांनीं घसरगाड्यांवरून हा भाग पाहिला होता. परंतु तेथील जमीन सखल, आणि समुद्र गोठलेला. दोहोंवर सारखेंच बर्फ पसरलेलें असतां जमीन कोठें संपते आणि समुद्र कोठें सुरू होतो हें ओळखणें कठीण. त्यांनीं पूर्वेकडील बाजू बंद आहे असें समजून नकाशावर तेथें एक आखात काढलें. एका अनुमानाची ती रेघ होती. परंतु छापील नकाशावर एकदां रेघ उमटली म्हणजे पाहिलेलें कोणतें आणि कल्पिलेलें कोणतें हा भेद वाचणार्‍यास दिसत नाहीं. पूर्वेची वाट बंद आहे असें नकाशा सांगत असल्यामुळें पश्चिमेची वाट तेवढी उरली. आणि पश्चिमेच्या बाजूला वायव्येकडील समुद्रांतून जुन्या, जाड बर्फाचा प्रवाह अखंड खालीं रेटला जात असतो. त्या किनार्‍यावर चढून बसलेल्या बर्फाच्या अजस्र लाद्या जेम्स क्लार्क रॉसनें १८३० मध्येंच पाहून नमूद केल्या होत्या.

१२ सप्टेंबर १८४६ रोजीं दोन्ही जहाजें या बर्फांत अडकलीं, तीं पुन्हां मोकळीं झालीं नाहींत. पुढील उन्हाळा आला व गेला, तरी बर्फ फुटलें नाहीं. या सर्व हकीकतीचा मुख्य लेखी पुरावा म्हणजे कागदाचा एक तुकडा. मे १८४७ मध्यें त्यावर सर्व क्षेम असल्याचें लिहिलें आहे. आणि त्याच कागदाच्या कडेनें, २५ एप्रिल १८४८ या तारखेस, क्रोझियर व फिट्झजेम्स या अधिकार्‍यांनीं लिहिलें आहे कीं, फ्रँकलिन ११ जून १८४७ रोजीं वारला, एकंदर २४ माणसें दगावलीं, जहाजें सोडून दिलीं, आणि उरलेले १०५ जण दक्षिणेकडील नदीच्या रोखानें पायीं निघत आहेत. त्यांतील एकहि परत आला नाहीं.

किंग विल्यम ही भूमि बेट आहे, हें १८५४ मध्यें डॉ. जॉन रे यानें निश्चित केलें. बेटाच्या पूर्वेकडील सामुद्रधुनीला आज त्याचेंच नांव आहे. याच प्रवासांत त्याला इनुइट लोकांकडून फ्रँकलिनच्या माणसांची पहिली बातमी कळली. इनुइट म्हणजे ज्यांना पूर्वीं एस्किमो म्हणत ते तेथील मूळचे रहिवासी. उपासमारीनें मेलेल्या गोर्‍या लोकांच्या कथा त्यांनीं सांगितल्या, त्या लोकांच्या वस्तु रेला विकत दिल्या, आणि अखेरीस त्या लोकांनीं आपल्याच मृतांचें मांस खाल्ल्याच्या खुणा दिसल्याचेंहि सांगितलें. रेनें जें ऐकलें तें तसेंच सरकारला कळविलें. इंग्लंडांत मोठा क्षोभ झाला. चार्ल्स डिकन्ससारख्या लेखकानें आपल्या साप्ताहिकांत लेख लिहून रानटी लोकांच्या सांगण्यावर विश्वास ठेवूं नये असें प्रतिपादन केलें. पुढें सांपडलेल्या हाडांवरील सुरीच्या खुणांनीं इनुइटांचें म्हणणें खरें ठरविलें. परंतु त्याला एक शतकाहून अधिक काळ लोटला. १८५९ मध्यें कॅप्टन मॅक्लिंटॉकच्या मोहिमेनें तो कागद शोधून आणला. पूर्वेकडील सामुद्रधुनी ठाऊक असती तर फ्रँकलिननें तीच वाट धरली असती, असें मॅक्लिंटॉकचें मत पडलें.

हें मत लक्षपूर्वक वाचणारा पुढच्या पिढींत एकजण निघाला. तो म्हणजे नॉर्वेचा रोआल्ड अमुंडसेन. त्याची यात्रा ही या तिघींतील दुसरी. त्याचें 'ग्योआ' हें जहाज मासेमारीचें एक जुनें गलबत होतें. लांबी सुमारें ७० फूट, वजन ४७ टन, आणि इंजिन अवघ्या १३ अश्वशक्तीचें. १८७२ सालीं अमुंडसेन जन्मला आणि त्याच सालीं हें गलबतहि बांधलें गेलें. फ्रँकलिनच्या १२९ माणसांच्या ठिकाणीं येथें मालकासुद्धां सात माणसें होतीं. १६ जून १९०३ च्या रात्रीं, भर पावसांत, सावकारांचा ससेमिरा चुकवून हीं सात माणसें ख्रिस्तियाना बंदरांतून बाहेर पडलीं. आज त्या शहराला ऑस्लो म्हणतात.

ऑगस्टमध्यें 'ग्योआ' बीची बेटावर पोंचलें. तेथून दक्षिणेस जातांना होकायंत्र निरुपयोगी झालें आणि अमुंडसेन आकाशावर नजर ठेवून चालला. फ्रँकलिन जेथें पश्चिमेस वळला, तेथें हें गलबत पूर्वेस वळलें. चुकीचा नकाशा आतां दुरुस्त झाला होता; वाट आहे हें ठाऊक होतें. मात्र त्या वाटेच्या तळाविषयीं नकाशा कांहींच सांगत नव्हता. बर्फाचा अडथळा तेथें फारसा लागला नाहीं. लागला तो उथळ पाण्याचा. ऑगस्टच्या अखेरीस गलबताचा तळ एकदां घासला. त्याच सुमारास इंजिनाच्या खोलींत, तेलाच्या टाक्यांच्या शेजारीं, आग लागली व ती मोठ्या शर्थीनें विझविली. आणि सप्टेंबरच्या आरंभीं मॅटी बेटाजवळ 'ग्योआ' एका विस्तीर्ण खडकावर चढून बसलें.

भरती आली, पण गलबत हललें नाहीं. त्या भागांत भरतीचें पाणी फार चढत नाहीं, त्यामुळें जें जहाज भरतीला रुततें त्याला सोडविणारी दुसरी मोठी भरती सहसा येत नाहीं. इतक्यांत वारा वाढला, त्याचें वादळ झालें, आणि लाटा गलबताला उचलून खडकावर आपटूं लागल्या. तळाच्या कण्याच्या ढलप्या वर तरंगूं लागल्या. गलबत सोडून नौकांत उतरण्याची तयारीहि झाली. जवळपास साहाय्याला येईल असें एकहि जहाज नव्हतें, आणि हिंवाळा दारांत उभा होता. तेव्हां अखेरचा उपाय म्हणून डेकवर रचलेल्या अन्नाच्या जड पेट्या समुद्रांत फेंकून देण्यांत आल्या, आणि सर्व शिडें उभारून, मागें ओढण्याऐवजीं, गलबत खडकावरून पुढेंच रेटण्याचा निश्चय झाला. वार्‍याच्या जोरावर तें आपटत, घसटत पुढें सरकलें. शेवटच्या धक्क्यासरशीं सुकाणूं आपल्या बिजागरींतून वर उचललें गेलें. तें निसटतें तर सर्व श्रम व्यर्थ होते. परंतु पुढच्या आपटीबरोबर तें आपण होऊन जागेवर बसलें आणि 'ग्योआ' खोल पाण्यांत उतरलें.

तेव्हांपासून डोलकाठीवर एक टेहळ्या आणि हातांत शिशाची दोरी घेतलेला एक माणूस हा गलबतावरचा नियम झाला. किंग विल्यम बेटाच्या दक्षिण किनार्‍यावर एक लहानसें सुरक्षित बंदर सांपडलें. तेथें अमुंडसेन जवळजवळ दोन वर्षें राहिला. चुंबकीय ध्रुवाचीं निरीक्षणें त्यानें केलीं, आणि शेजारीं येऊन राहिलेल्या इनुइटांपासून कातडी पोशाख, बर्फाचीं घरें व कुत्र्यांच्या गाड्या यांविषयीं जें जें शिकतां आलें तें तो शिकला. ऑगस्ट १९०५ मध्यें त्यानें पुन्हां नांगर उचलला. पुढची सिम्प्सन सामुद्रधुनी तर त्याहून उथळ. टेहळ्या वरून रंग पाहून उथळ पाणी सांगे, खालीं दोरीवाला आंकडा ओरडे, आणि गलबत नागमोडी वळणें घेत पुढें सरके. २६ ऑगस्ट रोजीं पश्चिमेकडून आलेलें एक देवमाशांच्या शिकारीचें जहाज समोर दिसलें, आणि वायव्य मार्ग सिद्ध झाला. फ्रँकलिनचीं मोठीं, जड जहाजें या उथळ पाण्यांतून पार झालीं असतीं कीं नाहीं, याची शंकाच आहे. योग्य वाटेचें ज्ञान आणि त्या वाटेला साजेसें लहान गलबत, या दोन्ही गोष्टी अमुंडसेनपाशीं होत्या. आणि इतकें असूनहि, पुढचें पाणी न मोजतां गेलेल्या एका दिवसानें त्याचा घात होण्याची वेळ आणली होती.

तिसरी यात्रा अगदीं अलीकडची. २७ ऑगस्ट २०१० रोजीं 'क्लिपर अ‍ॅडव्हेंचरर' हें सहलीचें जहाज १२८ प्रवासी व ६९ कर्मचारी घेऊन वायव्य मार्गांतील कॉरोनेशन आखातांतून चाललें होतें. हवा शांत होती, बर्फाचा अडथळा नव्हता. उपग्रहांच्या साहाय्यानें जहाजाची जागा बिनचूक कळत होती. ज्या रेषेवरून तें चाललें होतें, तिच्यावर १९६५ सालच्या मोजणीच्या आंकड्यांची एक ओळ नकाशांत होती, आणि ते आंकडे पुरेशी खोली दाखवीत होते. जहाजाचा वेग ताशीं सुमारें १४ सागरी मैल होता. अशा स्थितींत तें एकाएकीं पाण्याखालच्या खडकावर चढलें.

हा खडक अज्ञात नव्हता. २००७ मध्येंच कॅनडाच्या तटरक्षक दलाच्या एका जहाजाला तो आढळला होता, आणि त्याविषयींची सूचना नाविकांसाठीं प्रसिद्धहि झाली होती. छापील नकाशावर मात्र तो अद्याप उतरला नव्हता, आणि जहाजावरील अधिकार्‍यांनीं ती सूचना मिळविली नव्हती. जहाजाच्या पुढील पाण्याची खोली अजमावणारें यंत्र त्यावर होतें, पण तें नादुरुस्त होतें. पुढें हा वाद न्यायालयांत गेला. सरकारनें आपल्याला सावध केलें नाहीं, असें मालकांचें म्हणणें होतें. सूचना प्रसिद्ध करून सरकारनें आपलें कर्तव्य केलें होतें, आणि ती मिळविणें हें जहाजाचें कर्तव्य होतें, असा निर्णय २०१७ मध्यें झाला.

सुदैवानें समुद्र शांत राहिला आणि कोणालाहि इजा झाली नाहीं. प्रवाशांना उतरवून नेणारें जहाज दोन दिवसांनीं येऊन पोंचलें. बर्फ फोडणार्‍या त्या जहाजाचें नांव 'अमुंडसेन' असें होतें. हे दोन दिवस महत्त्वाचे आहेत. वर्दळीच्या किनार्‍यावर खडकावर बसलेल्या जहाजाजवळ कांहीं तासांत मदत येते. येथें ती येण्यास दिवस लागतात, आणि तेवढ्या अवधींत वारा फिरला तर काय होतें हें 'ग्योआ'च्या कथेंत दिसलेंच आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्यें 'अकादमिक योफे' हें आणखी एक प्रवासी जहाज याच उत्तर भागांत, नीट मोजणी न झालेल्या पाण्यांत, रुतलें. त्याचेंच जुळें जहाज तेव्हां फार दूर नव्हतें म्हणून प्रवाशांची लवकर सुटका झाली.

गेल्या कांहीं दशकांत उत्तर समुद्रांतील उन्हाळी बर्फ कमी होत चाललें आहे, आणि तेथें जाणारीं जहाजें वाढत आहेत. बर्फ ओसरलें म्हणजे मार्ग निर्धास्त झाला, असें वाटणें साहजिक आहे. पण वरील हकीकतींवरून ती समजूत किती अपुरी आहे हें दिसून येईल. बर्फानें आजवर ज्या वाटा बंद ठेविल्या होत्या, त्याच वाटांचा तळ सर्वांत कमी मोजलेला आहे. कॅनडाच्या उत्तर समुद्राचा आधुनिक पद्धतीनें मोजलेला भाग अद्यापि थोडाच आहे. तोंवर शिशाच्या दोरीमागचें जुनें तत्त्वच नाविकाला तारूं शकेल. पुढचें पाणी मोजल्यावांचून वेगानें जाऊं नये, आणि नकाशावरची कोरी जागा म्हणजे खोल पाणी असें समजूं नये, हें तें तत्त्व होय.

फ्रँकलिनच्या जहाजांची अखेरची हकीकत या दृष्टीनें बोधप्रद आहे. त्यांतील एक जहाज किंग विल्यम बेटाच्या बरेंच दक्षिणेस बुडालें, असें इनुइट लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. २०१४ मध्यें त्याच भागांत, अवघ्या ११ मीटर खोल पाण्यांत, 'एरेबस' सांपडलें. २०१६ मध्यें एका इनुइट रहिवाशानें दिलेल्या माहितीवरून शोधकांनीं आपला मार्ग बदलला आणि 'टेरर' हेंहि सांपडलें. हा रहिवासी ग्योआ हेवन गांवचा होता. अमुंडसेननें जेथें दोन वर्षें मुक्काम केला, त्या बंदराच्या कांठीं हें गांव वसलेलें असून गलबताचेंच नांव त्याला मिळालें आहे. ज्यांची साक्ष १८५४ मध्यें रानटी म्हणून झिडकारली गेली, त्यांच्याच वंशजांच्या शब्दावर अखेर हीं दोन्ही जहाजें नकाशावर आलीं.